एअरगनच्या दस्त्यावरचं कंपनीचं पॉलिश निघता निघत नाही

माळ्यावरचा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१४

मंडळी, चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांची एअर रायफल निघाली. आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली. जर्मन बनावटीची, नळी मोडून छर्रा भरायची. स्प्रिंगमध्ये अजून दम आहे. लेक आठवीत. मैत्रिणीबरोबर वरळीच्या रेंजवर एकदा जाऊन आल्यापासून तिच्या डोक्यात नेमबाजी शिरलीय. तिने ती बंदूक बघितली आणि "ही माझी" म्हणून मोकळी झाली.

अडचण आहे दस्त्याची. त्यावर कंपनीने जे काही लावलंय ते काचेसारखं जाड आहे. आता मधासारखं पिवळं पडलंय. मूठ बसते तिथे जाळीसारख्या भेगा आणि मागच्या टोकाला पांढरट ढग. गाल टेकवला की घामाने चिकटतो, उचलताना चक्क चट् आवाज येतो. मला ते सगळं काढून साधं तेलाचं फिनिश करायचंय.

आतापर्यंतचे पराक्रम: शनिवारी ६० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन भिडलो. वीस मिनिटांत पेपर पांढऱ्या पिठाने भरला, पॉलिशवर नुसते ओरखडे. तरी जिद्दीने गालाच्या जागी घासत राहिलो. रविवारी रंगवाल्याकडून थिनर आणलं. चिंधी जशीच्या तशी. मग बायकोचा नेलपॉलिश रिमूव्हर (तिला सांगू नका). दस्ता आणखी चकचकीत झाला, जणू मी त्याला उटणं लावून अभ्यंगस्नान घातलं.

आता काय करू?

खडूस_काका | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३१

आधी परवान्याचं सांगा. मग पॉलिशचं बघू.

छर्रा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

काका, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. घरगुती जुन्या मोडून भरायच्या रायफली सहसा यातच बसतात. धागाकर्ते, तरी लोकलमधून नेताना पिशवीत घालून न्या. एअरगन आहे हे डब्यातल्या लोकांना कळत नाही, त्यांना फक्त बंदूक दिसते.

आणि एक. दस्ता काढायला पुढे बाजूला दोन स्क्रू आणि चापाच्या कडीपाशी एक असतो, तेवढेच खोला. स्प्रिंगच्या नळकांड्याला हात लावू नका, ती दाबलेली असते. उडाली तर दात पाडेल.

रंधापटाशी | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४५

माळ्यावरचा साहेब, तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केलीत. ६० चा पेपर बघून पोटात गोळा आला. असो.

आमचं जोगेश्वरीला जुनं फर्निचर दुरुस्तीचं काम, वडिलांपासून. ओशिवऱ्याच्या बाजारात येणारं निम्मं सामान आमच्यासारख्यांच्या हातून जातं. गिऱ्हाईक खुर्ची आणतं आणि म्हणतं, पॉलिश काढा. आमचा पहिला प्रश्न एकच, कुठलं पॉलिश? कारण पॉलिश म्हणजे एक वस्तू नाही.

दस्त्याच्या मागची रबराची पट्टी काढा. तिच्या आतल्या काठावर पॉलिशचा ओघळ सापडेल. तिथे कापसाचा बोळा घेऊन आधी स्पिरिट लावा, दोन मिनिटं. मऊ होऊन चिकट झालं तर लाखेचं, म्हणजे आपलं फ्रेंच पॉलिश. नाही झालं तर एनसी थिनर. त्याने विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर तो थर नुसता वाळलेला नाही, पिकलेला आहे. पीयू (पॉलियुरेथेन), पॉलिस्टर, मेलामाइन, त्यातलं काहीतरी. डोशाचं पीठ पाण्यात कालवता येतं, भाजलेला डोसा परत पाण्यात टाकून पीठ होतं का? तसं आहे हे.

तुमच्या थिनरने काही झालं नाही, त्यावरून तुमचा डोसा भाजलेला दिसतो. पण बोळा फिरवा, मग बोलू.

आणि हो, ती मागची पट्टी नंतर घासकामाच्या वेळी परत बसवा. नाहीतर कडा गोल होतात आणि पट्टी लाकडाच्या बाहेर जिभेसारखी दिसते. नळकांडं बसतं त्या आतल्या खाचेला पेपर अजिबात लावू नका. तिथलं लाकूड गेलं की बंदूक सैल बसते, मग नेम कसला.

सॅन_होजेकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

इकडे अमेरिकेत हा रोग फार जुना आहे. माझ्या शेजाऱ्याकडे रेमिंग्टन ७०० रायफल आहे, १९६२ साली आलेलं मॉडेल. रेमिंग्टन १९३३ ते १९९३ डुपाँटच्या हातात होती, रंग-रसायनवाल्यांच्याच. त्यांनी त्या काळात दस्त्यांवर आरके-डब्ल्यू नावाचं फिनिश चढवलं. लोक त्याला बोलिंग पिनचं फिनिश म्हणतात, कारण चेंडूचे तडाखे खाणाऱ्या पिनांवर असतं तसलंच ते. शेजाऱ्याने विमानाचा रंग काढायचं रिमूव्हर वापरलं. तीन हात लागले, प्रत्येक वेळी वर प्लॅस्टिक गुंडाळून. शेवटी जे राहिलं ते खरवडून काढलं. संत्र्याच्या वासाचं सौम्य जेलही त्याने आधी लावून बघितलं होतं. रात्रभर ठेवलं, सकाळी वरचा पापुद्रा तेवढा सुटला.

हल्ली मात्र इथे दुकानात ते जुनं जहाल रिमूव्हर मिळत नाही.

रसायनी_बाई | १३ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मिळत नाही याचं कारण सांगते, कारण आपल्याकडे ते कोपऱ्यावर मिळतं आणि कोणी काही विचारत नाही.

त्या जहाल रिमूव्हरमधला मुख्य घटक म्हणजे डायक्लोरोमिथेन, उर्फ मिथिलीन क्लोराइड. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती वापराच्या रंग-रिमूव्हरमध्ये ते विकायला बंदी घातली, कारण बंद न्हाणीघरात टबाचा रंग काढणारी माणसं दगावली होती. ते सुमारे ४० अंशाला उकळतं, म्हणजे मे महिन्यातल्या विदर्भात बाटली उघडली तर फुसफुसेल. वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड, त्यामुळे खाली साठते. आपण अशी कामं कुठे करतो? बाथरूममध्ये, जमिनीवर, पाटावर बसून. म्हणजे नाक बरोबर त्या थरात. शिवाय शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. हृदयाचा त्रास असलेल्याने लांबच राहावं. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफेला काही करत नाही, आणि डॉक्टरी पातळ हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आरपार जातं.

दुसरं, जे लोकांना माहीत नसतं: गॅसची शेगडी, अगरबत्ती, सिगरेट, तापलेली हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र), यांच्याशी त्या वाफेचा संबंध आला की हायड्रोजन क्लोराइड आणि थोडा फॉस्जीन तयार होतो. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धातला विषारी वायू. स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत हे करू नका.

काम कसं करतं तेही सांगते, म्हणजे धीर धरता येईल. पिकलेला थर विरघळत नाही. त्याचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे बांधलेले असतात. डायक्लोरोमिथेनचा रेणू लहान, तो जाळ्यात घुसतो, थर फुगतो. फुगलेल्या थराला लाकडावर जागा पुरत नाही, म्हणून तो सुरकुततो आणि सुटतो. मुरायला वेळ मिळाला नाही तर ते उडून जातं, म्हणून वर पॉलिथिन झाकायचं. (पॉलिथिन चालतं. थर्माकोल आणि कडक प्लॅस्टिकची भांडी विरघळतात. स्टीलचं किंवा पत्र्याचं ताट घ्या.)

गिरगावकर | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

मी उलट बाजूने बोलतो. काढताच कशाला?

कंपनीने ते जाड पॉलिश वेड लागलं म्हणून लावलेलं नाही. मुंबईची हवा बघा. ६५ टक्के आर्द्रतेत लाकूड साधारण १२ टक्के ओलावा धरून बसतं, जुलैत ८५ टक्क्यांवर गेलं की १७-१८ टक्क्यांपर्यंत जातं. लाकूड फुगतं, स्क्रू आवळतात-सैलावतात, नेम सरकतो. तो थर ही ये-जा मंद करतो. तेलाचं फिनिश दिसायला छान, पण बाष्प अडवायला चाळणी. गाल चिकटतो एवढीच तक्रार असेल तर ४०० चा पेपर ओला करून हलक्या हाताने चमक मारा, मॅट करा, संपलं. माझ्या जुन्या रायफलचं मी तेच केलं.

माळ्यावरचा | १३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

गिरगावकर, पटतं, पण मुठीपाशी भेगा पडल्यात, त्यातून ओल आत जातेच आहे. ढग त्याचेच ना? आणि गालापाशी मी जे करून ठेवलंय ते मॅट केल्याने झाकणार नाही.

बोळा फिरवला. स्पिरिट: शून्य. एनसी थिनर, पाच मिनिटं: किंचित लुसलुशीत, नख रुतत नाही. म्हणजे भाजलेला डोसाच.

गच्चीवरचा_गवंडी | १३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

हीटगन मारा की राव. पापड फुगतो तसं वर येतं.

रंधापटाशी | १३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

येतं. आणि तीन सेकंद जास्त झाले की खालचं लाकूडही पापडासारखं करपतं. दरवाज्यावर ठीक आहे. दस्त्याला गोलाई असते, उंच भाग आधी तापतो. ज्याचा हात बसलाय त्याने करावं. रिमूव्हर लावलेलं असताना तर नाहीच, बाईंनी वर लिहिलंय.

माळ्यावरचा साहेब, आता नीट ऐका. माझा सल्ला, नव्वद टक्के काम खरवडून करा. रिमूव्हर फक्त मुठीवरच्या चौकडीच्या नक्षीत, जिथे पातं जात नाही तिथे.

खरवडायला काय? कॅबिनेट स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं सपाट पोलादी पातं, नागदेवी स्ट्रीटला मिळेल. नाहीतर करवतीच्या जुन्या पात्याचा हाताच्या पंजाएवढा तुकडा. कड कानशीने काटकोनात सरळ करा, दगडावर गुळगुळीत करा. मग पाना-पेचकसाची गोल दांडी त्या कडेवरून जोर देऊन ओढा, जरा तिरकी. कडेला डोळ्याला न दिसणारी पण नखाला लागणारी मुरड येते. काम ती मुरड करते. दोन्ही हातांत धरायचं, अंगठ्यांनी मधोमध जरा वाकवायचं, पुढे कलवून लाकडाच्या रेषेबरोबर ढकलायचं. पीठ पडत असेल तर मुरड गेली. खोबऱ्याचा कीस पडतो तशी साल निघाली पाहिजे. पॉलिश असेपर्यंत साल पिवळट पारदर्शक, लाकूड लागलं की रंग बदलतो. तिथे थांबायचं. पेपरला हे थांबणं कळत नाही, म्हणून तो उंच जागेचं लाकूड खातो आणि खळग्यातलं पॉलिश तसंच ठेवतो.

पातं तापतं, अंगठे भाजतात. चिकटपट्टी गुंडाळा. आतल्या गोलाईला वडील काच फोडून तिची गोल धार वापरायचे. मी अजूनही वापरतो, पण तुम्हाला सांगणार नाही. हंसाच्या मानेसारखं वळलेलं स्क्रेपर मिळतं ते घ्या.

एक भाकीत करून ठेवतो. जुन्या जर्मन एअरगनचे दस्ते बरेचदा अक्रोडाचे नसतात. बीचचे असतात, अक्रोडाचा रंग पॉलिशमध्येच असतो. साल काढताना रंगही सालीबरोबर गेला तर घाबरू नका.

माळ्यावरचा | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

बाबा तर आयुष्यभर "अक्रोडाचा दस्ता आहे" म्हणून सांगत आले.

खडूस_काका | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:२५

सगळ्यांचेच बाबा सांगतात.

माळ्यावरचा | २४ नोव्हेंबर, रात्री ११:०८

धागा वर काढतोय. अहवाल.

पहिला दिवस मुरड काढण्यातच गेला. पाच वेळा कड बिघडवली. सहाव्यांदा ढकललं आणि चर्र असा आवाज होऊन एक लांब, कुरळी, मधाच्या रंगाची साल निघाली. इतका आनंद पहिल्या पगाराला झाला नव्हता. लेकीला बोलावून दाखवली. तिने उजेडासमोर धरून बघितली, म्हणाली, "बाबा, हे चिक्कीच्या कागदासारखं दिसतंय." मग तीही बसली. उजवी बाजू तिची, डावी माझी. तिची जास्त चांगली झालीय, हे इथे लिहायला तिने सांगितलंय.

रंधापटाशी, तुमच्या तोंडात साखर पडो की न पडो कळेना. बीचच आहे. रंगाबरोबर अक्रोड गेला. खाली फिकट, गुलाबीसर लाकूड आणि त्यावर तीळ सांडल्यासारख्या बारीक तपकिरी रेघोट्या. आईला दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं. दुकानदारानेच सांगितलं होतं." म्हणजे बाबा आम्हालाच गंडवत होते.

मुठीच्या नक्षीसाठी सोसायटीच्या गच्चीवर गेलो, रविवारी सकाळी, वारा असताना. उभ्याने, टाकीच्या कट्ट्यावर ठेवून. सेक्रेटरी वर आले. माझ्या हातात बंदुकीचा दस्ता आणि बाजूला विषारी चित्राचा डबा. दहा मिनिटं त्यात गेली. नंतर तेच बसून बघत राहिले, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवलं त्यांना. रिमूव्हर, वर पॉलिथिन, पंचवीस मिनिटं. थर सुरकुतला, दुधावरची साय गोळा व्हावी तसा. जुन्या टूथब्रशने नक्षीच्या रेषेरेषेने काढला. दुसरा हात लावावा लागला.

गालापाशी जिथे ६० चा पेपर मारला होता तिथे लाकडात आडवे चरे आणि एक सपाट जागा झालीय. बोट फिरवलं की कळतं. त्याचं काय?

आणि एक गोची. नक्षीच्या भागावर पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा गोल राहतो. बाकी ठिकाणी मुरतो.

रंधापटाशी | २५ नोव्हेंबर, रात्री १२:१५

मोती म्हणजे मेण. रिमूव्हर लवकर उडू नये म्हणून त्यात मेण घातलेलं असतं, ते मागे राहतं. टर्पेंटाइन आणि ब्रशने दोनतीनदा धुवा, दरवेळी कोरड्या फडक्याने टिपा. मेण राहिलं तर तेल वाळणारच नाही, आयुष्यभर चिकट.

सपाट जागा राहू द्या. ती भरायला आजूबाजूचं तेवढंच काढावं लागेल, मग दस्ता बारीक. चरे मात्र स्क्रेपरने, नंतर १२०, १८०, २४०, रबराच्या ठोकळ्यावर, रेषेबरोबरच. बारीक खोक असतील तिथे ओलं फडकं ठेवून इस्त्रीचं टोक टेकवा, वाफेने दबलेलं लाकूड वर येतं. (तुटलेलं येत नाही, दबलेलंच.) शेवटी पूर्ण दस्ता ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. दाढीच्या खुंटांसारखे तंतू उभे राहतील, ते ३२० ने हलकेच उडवा. हे दोनदा.

रंग द्यायचा असेल तर विचार करा. बीच रंग सारखा पीत नाही, डाग डाग दिसतात.

रसायनी_बाई | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

कॉस्टिक सोड्याचा सल्ला कोणी देण्याआधी सांगते, नको. थर निघतो, पण लाकूड काळवंडतं आणि तंतू फुलतात. पोलादी वूलही टाळा. बीचला कमी त्रास, पण ज्यांच्याकडे खरंच अक्रोड किंवा ओक आहे त्यांच्यासाठी: लाकडातल्या टॅनिनला लोखंडाचा कण आणि ओल मिळाली की शाईसारखे काळे ठिपके पडतात. पूर्वी शाई अशीच करायचे. पडलेच तर ऑक्झॅलिक ॲसिडने फिके होतात, पण ते विषारी आहे, हाताळताना जपून.

छर्रा | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

तेल कुठलं लावणार?

माळ्यावरचा | २५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

आईकडे जवसाचं तेल आहे, चटणीवर घ्यायचं. ते चालेल?

रंधापटाशी | २५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

चटणीवरच घ्या. कच्चं तेल वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवस तेल मागा, त्यात वाळवणारी द्रव्यं असतात. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून. लावा, वीस मिनिटं थांबा, आणि एकूण एक थेंब पुसून काढा. पुसायला कंटाळलात तर वर चिकट कातडं धरतं. दोन दिवस वाळू द्या. असे पाचसहा हात. सध्या थंडी कोरडी आहे तोवर करा, पावसाळ्यात हे काम मी घेतच नाही.

गिरगावकर | २५ नोव्हेंबर, रात्री १०:४४

आणि ती तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता होते, गठ्ठ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आमच्या वाडीत एका सुताराच्या गाळ्यात रात्री हेच झालं. पाण्यात भिजवून टाका, किंवा दोरीवर एकेरी वाळवा.

(बाकी माझा मुद्दा मी सोडलेला नाही. जुलैत नेम सरकला की मला आठवा.)

माळ्यावरचा | १९ डिसेंबर, रात्री ९:१६

सहा हात झाले. रंग दिला नाही, लेकीने नको म्हणून सांगितलं. तेलाने लाकूड तुपावर परतलेल्या रव्यासारखं झालंय, तीळ मात्र अजून उठून दिसतात. काल गॅलरीत नाही, मामाच्या वाड्यात बदलापूरला नेऊन दहा मीटरवर कागद लावला, मागे मातीचा बांध. दहा छर्रे, गाल चिकटला नाही. तिचे सात कागदावरच्या काळ्या वर्तुळात. माझे विचारू नका.

गिरगावकर, दस्त्याच्या आतल्या खाचेत, जिथे दिसत नाही, तिथे पीयूचे दोन पातळ हात दिलेत. तेवढं तुमचं ऐकलं.

नेलपॉलिश रिमूव्हरचं बायकोला कळलं. हा धागा तिच्या बहिणीने वाचला.

खडूस_काका | १९ डिसेंबर, रात्री ९:५८

अभिनंदन. माझ्याकडे सासऱ्यांची आरामखुर्ची आहे, सागवानी. वर काळपट चिकट थर आलाय. तिला पण स्क्रेपरच का?

रंधापटाशी | १९ डिसेंबर, रात्री ११:३१

काका, आधी स्पिरिटचा बोळा फिरवा. खालच्या बाजूने, जिथे सासरे दिसणार नाहीत तिथे.